कुंपणावरचा भाव

कॉलेजात मक्तेदारीचा धडा शिकवताना मी उदाहरणाला रेल्वे घेते, वीज घेते, मोबाईलच्या कंपन्या घेते. मुलं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जसंच्या तसं ओकतात. माझ्याकडे याहून चांगलं उदाहरण आहे, अगदी घरचं, पण विरारच्या त्या वर्गात गेल्या इतक्या वर्षांत ते मी एकदाही सांगितलेलं नाही. त्यात एका बाईचा धंदा बुडतो आणि बुडवणारी मी आहे. तेही कुठे चोरून नाही, आमच्याच अंगणात, अकरा बायकांच्या देखत, हसत हसत.

वसईत पापडीच्या पुढे आमची वाडी आहे. केळी, नारळ, थोडी भाजी आणि सोनचाफा. वडील गेल्यावर केळीचं काम आईला झेपेना, म्हणून तिने अर्ध्या वाडीत चाफ्याची कलमं लावली. आमच्या आळीत बहुतेक घरांनी तेच केलं, आमच्यासारख्या हिंदू घरांनी आणि ख्रिस्ती घरांनीही. चाफ्याचं एक आहे, कळी पहाटेच तोडावी लागते. ऊन चढलं की ती उमलते, आणि उमललेल्या फुलाला बाजारात कुणी विचारत नाही. बोट जोरात लागलं तरी पाकळी काळी पडते. तोडलेली कळी घरात ठेवून भाव वाढायची वाट बघता येत नाही. सकाळी सातला ती सोनं असते आणि संध्याकाळी कचरा.

त्यामुळे आमच्याकडे एक रीत पडली होती, जी बाहेरच्या माणसाला वेडेपणाची वाटेल. आम्ही भाव न विचारता माल द्यायचो. सकाळी फुलं मोजून, शंभरावर पाच वरची घालून, नेणाऱ्याच्या टोपलीत टाकायची. तो ती दादरला नेणार, विकणार, आणि दुपारनंतर परत आला की सांगणार, आज शेकडा इतका गेला. तो सांगेल तो भाव, तो देईल ते पैसे. बाजारात काय झालं ते बघायला आमच्यातलं कुणीच गेलेलं नसायचं.

मग फसवणूक का होत नव्हती? होत होती की. पण बेतानं होत होती, आणि त्याचं कारण होतं कुंपण. आळीत फुलं नेणारे तिघं होते. संध्याकाळी चर्चची घंटा वाजली की आई तुळशीपुढे दिवा लावायची आणि तशीच कुंपणाशी जायची. पलीकडच्या ख्रिस्ती घरातली काकू प्रार्थना म्हणून तिच्या बाजूने यायची. “आज काय सांगितला?” एवढाच प्रश्न. आईने भाव सांगायचा, काकूने आपला सांगायचा, मग काकू तिच्या पलीकडच्या कुंपणाशी जायची. अर्ध्या तासात सगळ्या आळीला तिन्ही नेणाऱ्यांचे भाव कळायचे. एखाद्याने फारच हात मारला असेल तर दुसऱ्या दिवशी त्याला ऐकून घ्यावं लागायचं, आणि चार दिवस तेच झालं तर त्या घरची फुलं दुसऱ्याच्या टोपलीत जायची. आमच्याकडे ना कायदा होता, ना निरीक्षक, ना काटा तपासणारा. तिघं नेणारे आणि एक कुंपण होतं. तेवढ्यावर दोन पिढ्या निभावल्या.

आमची फुलं मावशी न्यायची. नात्यातली नव्हे. जूचंद्रची आगरी बाई, सासरचं मिठागर बंद पडल्यावर फुलांत आलेली. दोन टोपल्या, वर ओलं फडकं, पायात कधीच धड नसलेल्या चपला. मावशी लबाड होती, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही तिला देवी कराल आणि मला ते करायचं नाही. शेकड्यामागे दोन रुपये ती हमखास दाबायची. आईला ते ठाऊक होतं. मावशीलाही ठाऊक होतं की आईला ठाऊक आहे. पण पावसात रूळ पाण्याखाली गेले तरी ती यायची. एकदा दादरपर्यंत गाडीच गेली नाही, तेव्हा वसईतल्या देवळांच्या दारात बसून तिने आमची फुलं मिळेल त्या भावाला विकली आणि संध्याकाळी भिजलेल्या नोटा आईच्या हातात ठेवल्या. उमललेलं फूल तिने कधी परत केलं नाही. “असूं दे, माज्या वेनीला होल,” म्हणायची आणि खरोखर केसांत माळायची. मी बारावीला असताना दादरच्या फुटपाथवरून तिने माझ्यासाठी अर्थशास्त्राचं जुनं गाईड आणलं होतं. शेवटची चार पानं नव्हती. पैसे घेतले नाहीत. मी अर्थशास्त्र शिकले ते त्या गाईडवरून, हे आता लिहिताना माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

मी एम.ए. झाले त्याच वर्षी शेठ आला. शेठ म्हणजे तिशीतला पोरगा, गुळगुळीत दाढी, नवा टेम्पो आणि टेम्पोत थंड पेटी. त्याचं म्हणणं सरळ होतं. भाव सकाळीच सांगणार, माल उचलतानाच. तोही तुमच्या नेणाऱ्यांपेक्षा शेकड्यामागे पंधरा रुपये जास्त. पैसे आठवड्याला बँकेत. अट एकच, फुलं आळीतल्या सगळ्या घरांनी द्यायची आणि फक्त त्यालाच. टेम्पो अर्धा रिकामा नेणं परवडत नाही, असं तो म्हणाला. तेही खरंच होतं.

बायका बिचकत होत्या. तेव्हा त्याने आमच्या घरी येऊन मला विचारलं, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही समजावलं तर ऐकतील.”

मॅडम. तोवर मला आयुष्यात कुणी मॅडम म्हटलेलं नव्हतं. नोकरीसाठी मी चार कॉलेजांचे उंबरे झिजवले होते आणि कुठल्या शिपायानेसुद्धा मला बसायला सांगितलं नव्हतं. त्याने एक पैसा दिला नाही मला. द्यावा लागलाच नाही, मी त्या एका शब्दाला विकली गेले.

मी अंगणात सभा घेतली. चटया टाकल्या, चहा केला. मी उभी राहून बोलले, बसून बोलता आलं असतं तरी. तीन नेणारे म्हणजे तीन तिकिटं, तीन हमाल्या, तीन माणसांची पोटं, आणि ही सगळी तुमच्या फुलातून भरतात, म्हटलं. एकच टेम्पो एकदम सगळा माल नेईल तर खर्च कमी, फुलं थंड राहतील, भाव जास्त मिळेल. यात एक शब्द चुकीचा नव्हता. आजही परीक्षेत कुणी हे उत्तर लिहिलं तर मी पूर्ण गुण देईन. मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठ्याला स्वस्त पडतं आणि त्यातलं थोडं आपल्यालाही मिळतं, हे कायदासुद्धा मानतो.

मावशी आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मागे, पायरीपाशी, टोपली मांडीवर घेऊन बसली होती. माझं बोलणं संपल्यावर तिने एकच विचारलं, “आनि उद्या ह्यो नाय आला तं?”

साधा प्रश्न होता. पाठ्यपुस्तकातली दहा पानं त्या एका प्रश्नावर उभी आहेत. मला त्याचं उत्तर येत नव्हतं, आणि उत्तर येत नसलं की शिकलेला माणूस काय करतो ते मी केलं. म्हटलं, “मावशी, ते राहू दे. काल दादरला चाफा काय भावाने गेला, ते सांग.”

तिने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. मग आदल्या दिवशी आईला सांगितलेला भाव तिने सांगितला. कडेला उभ्या असलेल्या शेठकडे मी हात पुढे केला. त्याने फोन दिला. त्यावर दादरचा आदल्या दिवशीचा भाव होता, तो मी मोठ्याने वाचला. दोन रुपयांचा फरक होता.

दोनच रुपये. आळीतल्या प्रत्येक बाईला वर्षानुवर्षं माहीत असलेले दोन रुपये. पण माहीत असणं वेगळं आणि चारचौघांत वाचून दाखवणं वेगळं. कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरी, मग सगळ्याच. काकूने पदर तोंडाला लावला. मीही हसले. मला वाटलं मी जिंकले.

मावशीने टोपली डोक्यावर घेतली. “ते माज्या चालन्याचं हाय, बाय,” म्हणाली. “स्टेशनपासून चालत येते ना सकाली.” आणि गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीच्या वेळी फाटकाशी आली. तिला वाटलं असावं, राग रात्रीपुरता होता. आईने फुलं तोडून, मोजून, दाराच्या आत ठेवली होती. शेठचा टेम्पो साडेसहाला येणार होता. आई उठून बाहेर जायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला. “तिला बघून तू विरघळशील,” म्हटलं, “आणि एकीने दिली तर सगळा करार मोडेल.” आई दारामागे उभी राहिली. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. मावशीने हाक मारली नाही. गाडी गाठायला निघायची वेळ होईपर्यंत फाटकाशी उभी राहिली आणि मग निघाली.

असं ती आठ दिवस आली. आठही दिवस आई दारामागे आणि फुलं आईच्या पायाशी. आठव्या दिवशी मी बाहेर गेले आणि समजुतीच्या सुरात म्हटलं, “मावशी, आता येत जाऊ नकोस. आईला उगाच वाईट वाटतं.” तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “आनि तुला?” म्हणाली. मी फाटक लोटून आत वळले. मला तेव्हा खरंच काही वाटत नव्हतं, आणि खोटं बोलायची गरजही वाटली नाही.

तिच्यापाठोपाठ बाकीचे दोघंही गेले. एकाने रिक्षा घेतली, दुसरा लेकाकडे राहायला गेला. पहिला पावसाळा सोन्याचा गेला. श्रावण, गणपती, दसरा, पंधरा रुपये जास्त म्हणजे जास्त. बायका मला ‘आमची मॅडम’ म्हणायला लागल्या. त्याच दिवाळीनंतर मला कॉलेजात नोकरी लागली आणि सगळं कसं जागच्या जागी बसलं असं मला वाटलं.

भाव उतरला तो हळूहळू. आधी पाच, मग पाच, मग दहा. कधी डिझेल, कधी बाजारात मंदी, कधी बाहेरून आलेला माल. प्रत्येक कारण एकेकटं पटण्यासारखं होतं. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत आम्ही मावशीच्या भावाच्याही खाली गेलो होतो.

इथे कुणी विचारेल, तुमचं ते कुंपण कुठे गेलं? कुंपण जागच्या जागी होतं. पण शेठ आता भाव फोनवर पाठवायचा, प्रत्येक घराला स्वतंत्रपणे. आमच्या फोनवर भावाखाली एक ओळ असायची, तुमचा माल चांगला असतो म्हणून तुम्हाला शेकड्यामागे पाच जास्त, फक्त तुमच्यासाठी, कृपया इतरांना सांगू नये. आईने ते मला दाखवलं तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. “तुझ्यामुळे देतो गो,” म्हणाली. “कुणाला बोलू नको, लोकांची नजर वाईट.” मलाही तेच वाटलं. मॅडमच्या आईला चार पैसे जास्त, त्यात नवल काय!

चर्चची घंटा तशीच वाजत होती. आई दिवा लावायची आणि घरात यायची. काकूही कुंपणाशी येईनाशी झाली. दोघींनाही वाटायचं, आपण बोललो तर आपलं जास्तीचं कळेल. इतकी वर्षं भाव सांगण्यात ज्यांचं भलं होतं, त्या आता लपवण्यात भलं मानायला लागल्या. आमच्यासारख्या शहाण्यांना फसवायला लबाडी लागत नाही, थोडा मान पुरतो.

हे फुटलं ते एका भांडणात. पलीकडच्या काकूच्या नारळाची झावळी त्यापुढच्या घरच्या चाफ्यावर पडली आणि दोघी कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. झावळीवरून कलमावर, कलमावरून फुलावर आणि फुलावरून लायकीवर गाडी गेली. ती दुसरी ओरडली, “तुझ्या फुलांना कोण विचारतो! मला शेठ पाच रुपये जास्त देतो, विचार त्याला!” काकूचा आवाज एकदम बसला. “पाच?” म्हणाली. “मलाही पाचच देतो.” आमच्या ओट्यावरून आई पुढे आली. आणखी दोघी आल्या. सगळ्यांनी आपापले फोन काढले. सगळ्यांच्या फोनवर तीच ओळ होती, स्वल्पविरामासकट. सगळ्याच खास होत्या.

त्या दिवशी कुणी हसलं नाही. झावळी तिथेच पडून राहिली.

मी चार जणींना घेऊन शेठकडे गेले. तोवर त्याने आळीच्या तोंडाशी पत्र्याची शेड बांधली होती. फुलं आता टेम्पो उचलत नसे, आपणच शेडवर नेऊन टाकायची. त्याने खुर्ची दिली, थंड पाणी मागवलं. “मॅडम, टेन्शन कशाला घेता?” म्हणाला. “माझी कुणावर जबरदस्ती आहे का? परवडत नसेल तर दुसऱ्याला द्या.”

दुसरा कुठे होता? त्याला आम्हीच घालवला होता. त्यासाठी चटया मी टाकल्या होत्या.

मी स्पर्धा कायद्याची पुस्तकं काढली. शिकवते तेच पुन्हा नीट वाचलं, बहुधा पहिल्यांदाच. आधी जास्त भाव देऊन दुसऱ्यांना मारायचं आणि मग एकट्याने वसूल करायचं, याला नाव आहे. फक्त मलाच माल द्या या अटीलाही नाव आहे. सगळं छापलेलं होतं, अगदी आमच्या आळीत येऊन लिहिल्यासारखं. पण तो कायदा मोठ्या माशांसाठी आहे. दिल्लीत बसलेल्या माणसांना देशाचा बाजार दिसतो. अकरा घरांचा बाजार दिसायला कुंपणाशीच उभं राहावं लागतं.

आणि वाचताना मला कळलं की कायदा करावा का लागतो. त्या पावसाळ्यात पंधरा रुपये जास्त घेणारी एकही बाई मूर्ख नव्हती. प्रत्येकीचा हिशेब तिच्यापुरता बरोबर होता. समोर जास्त देणारा असताना दोन रुपये दाबणाऱ्या मावशीला कुणी का धरून बसावं? पण अकरा बरोबर हिशेबांची बेरीज केली तर आळीच्या गळ्याला फास लागत होता, आणि ती बेरीज करणं कुणाचंच काम नव्हतं. माणसाच्या चांगुलपणावर किंवा अकलेवर हे सोडता येत नाही म्हणून कायदा असतो. आळीत ती बेरीज येणारी एकच बाई होती, तिने बेरजेऐवजी भाषण केलं.

तोटा नुसता कमी मिळालेल्या पैशांचा असता तरी सोसला असता. पितृपक्षात भाव इतका खाली जायचा की तोडायची मेहनत निघेना. मग बायका तोडायच्याच नाहीत. फुलं झाडावरच उमलायची, दुपारी गळायची, आणि आळीत तीन-तीन दिवस गोड कुजका वास भरून राहायचा. दादरला तेव्हाही फूल हवं असलेली माणसं असणार. इथे फूल होतं, तिथे घेणारा होता, आणि मधल्या एकाला ते नेणं फायद्याचं नव्हतं. पुस्तकात या तोट्यासाठी आलेखावर एक छोटा त्रिकोण काढतात. मी तो फळ्यावर कितीदा काढला आहे. त्या त्रिकोणाला वास असतो हे मला माहीत नव्हतं. दोन घरांनी कलमं उपटली आणि जागा बिल्डरला दिली.

शेवटी मी जूचंद्रला गेले. अडला हरी, दुसरं काय. ठरवून गेले होते की मावशीचे पाय धरायचे, तिला म्हणायचं पुन्हा सुरू कर, भाव संध्याकाळीच सांग, दोन काय पाच दाब. मिठागराच्या बाजूला आता सात-सात मजली इमारती उभ्या आहेत. त्यांच्यामागे तिचं घर शोधायला वेळ लागला. दाराला कडी होती. शेजारच्या बाईने मला वर-खाली पाहिलं. “ती कामावर जाते ना, वरीस झालं,” म्हणाली. “पापडीकडं. फुलांच्या शेडवर.”

मी उन्हात उभीच राहिले. आमच्या शेडवर. आई रोज सकाळी जिथे फुलं घेऊन जायची तिथे. मी तेव्हा सकाळच्या वर्गासाठी सहालाच घर सोडायचे, आणि शेठला भेटायला शेडवर एकदाच गेले तेही संध्याकाळी, फुलांचं काम संपल्यावर. पण आई रोज जायची, आणि आई मला एका शब्दाने बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आईच्या हातून टोपली घेतली. आई म्हणाली, “नको जाऊ गो.” मी गेले.

शेडमध्ये पत्र्याचं लांब टेबल होतं आणि टेबलामागे मावशी बसली होती. केस पांढरे झाले होते. वेणीत फूल नव्हतं. पायात मात्र धड चपला होत्या. बायका एकेक टोपली तिच्यापुढे रिती करत होत्या. ती बोटाच्या टोकाने कळ्या सारून पाहायची, चांगली डावीकडे, बाद उजवीकडे. बाद झालेल्याचे पैसे नाहीत आणि ती परत न्यायलाही मिळत नाहीत. माझी पाळी आली. तिने वर पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा मान खाली घालून काम करायला लागली. काकूच्या टोपलीतली दहा-बारा बाद झाली होती. आमची जवळजवळ निम्मी उजवीकडे गेली. घट्ट मिटलेल्या, पहाटे मी स्वतः तोडलेल्या कळ्या.

“मावशी, ही चांगली आहेत,” मी म्हटलं.

“हायेत ना,” ती म्हणाली.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “मग बाद कशाला?”

“तुज्या आयसची रोज निम्मी बाद करते मी.” आवाज चढवला नाही, लपवलाही नाही. मागच्या रांगेला ऐकू जाईल इतपतच होता. “शेठनं नाय सांगलं. माजा मीच करते.”

मी तिथेच, टेबलाशी, तिला मनात घोकलेलं सगळं सांगून टाकलं. परत सुरू कर, आळी तुझ्या मागे उभी राहील, मी सगळ्यांना समजावते.

“तू समजावतंस?” ती म्हणाली. मग बराच वेळ कळ्या सारत राहिली. “दादरला माजी जागा होती, पुलाखाली. तीस वर्सं. आठ दिवस टोपली रिकामी गेली, नवव्या दिवशी तिथं दुसरी बसली. गिऱ्हाईक तिचा झाला. आता बसाला गेली तं त्या बायका पोटावर लाथ मारतील. जागा उठली का उठली, बाय. तुज्या गाईडात नवतं का ते?”

शेवटच्या चार पानांत असेल. ती पानं फाटलेली होती.

“नाय पटत तं दुसरीकडं दे,” ती म्हणाली आणि पुढच्या टोपलीसाठी हात केला.

मी घरी आले. आई कलमांना पाणी सोडत होती. मी तिच्यावर ओरडले. वर्षभर निम्मी फुलं फुकट जातात आणि तू गप्प बसतेस, शेठला सांगितलंस तर तिला उद्या हाकलेल तो.

“म्हणूनच नाय सांगितलं,” आई म्हणाली.

तिने नळी दुसऱ्या कलमाच्या आळ्यात टाकली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आठ दिवस दारामागं ठेवलेली ना, ती फुलं नेते ती.”

“आठ दिवसांची कधीच भरली असतील,” मी म्हटलं.

“ते तिला माहीत. मी नाय विचारत.”

मग तिने मला विचारलं, त्या पहाटे माझा हात झटकून ती मावशीकडे गेली असती तर मी काय केलं असतं. मी खरं ते सांगितलं. मी तिला सगळ्यांसमोर वेडी ठरवली असती. आईने मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं राहिलं होतं, आणि पुढच्या कलमाकडे गेली.

तेव्हापासून मी दुपारचे वर्ग मागून घेतले आहेत आणि टोपली मी नेते. रांगेत उभी राहते, माझी पाळी आली की कळ्या टेबलावर रित्या करते. मावशी निम्मी डावीकडे सारते, निम्मी उजवीकडे. मी रिकामी टोपली उचलते. दुसरीकडे द्यायला दुसरं कुणी नाही.